दुधाचा नमुना नापास झाला, तुरुंग होईल का?

प्रश्न : वकीलसाहेब, आमचे हे खानापूरकडच्या खेड्यातून चार घरचं म्हशीचं दूध गोळा करून बेळगावच्या टिळकवाडीत रतीब घालतात. नमुना नेला होता, आता कन्नड भाषेत अहवाल आलाय. लोक म्हणतात, तुरुंगच.

उत्तर : ताई, धीर धरा. आधी अहवालात दूध काय ठरवलंय ते जाणत्याकडून वाचून घ्या. नुसतं पाणी मिसळून फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कमी भरलं असेल, तर ते ‘कमी दर्जाचं’. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ५१ खाली त्याला ५ लाखांपर्यंत दंड आहे, कैद नाही. कैदेची भीती १९५४ च्या जुन्या कायद्यापासूनची. युरिया किंवा डिटर्जंट सापडून दूध ‘असुरक्षित’ ठरलं, तर मात्र कलम ५९ खाली फौजदारी खटला होतो.

अहवाल पटत नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करा. अहवाल आला तो लिफाफा फेकून देऊ नका, त्यावरची तारीख लागते. आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नको! गरीब गवळ्यांना तशा सह्या करताना पाहून माझा जीव तुटतो. दंड ठरवताना मिळालेला नफाही बघावा लागतो, म्हणून सुनावणीला रतीबाची वही न्याच.