पूरबांध गळतोय? पाणी जाऊ द्या, माती जाऊ देऊ नका

पाऊस तोंडावर आला की छोट्या मातीच्या पूरबांधांबद्दल, म्हणजे पुराचं पाणी तात्पुरतं अडवणाऱ्या बांधांबद्दल, प्रश्न येऊ लागतात. या खेपेला आलेले चार प्रश्न घेतो. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण चुकीच्या सल्ल्याने सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं.

प्रश्न : बांधाच्या खालच्या पायथ्याशी कायम ओल असते. आता तिथून करंगळीएवढी धार लागली आहे. ठेकेदार म्हणतो, बाहेरून सिमेंट मारून बंद करून देतो. करावं का?

नाही. खालच्या बाजूने गळती बुजवायची नसते. सिमेंटने नाही, चिकण मातीने नाही, प्लॅस्टिक अंथरूनही नाही. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. त्या पाण्याची वाट बंद केली की ते आत तुंबतं, उताराची माती फुगून सैल होते आणि उतार घसरतो. नाहीतर पाणी दोन हात बाजूला नवं तोंड फोडतं. सिमेंटचा थर तेवढा शाबूत आणि त्याच्या मागे माणूस शिरेल एवढी पोकळी, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी पाणी तपासा. स्वच्छ काचेची बाटली धारेखाली धरून भरा, पंधरा मिनिटं हलवू नका आणि मग बूड बघा. पाणी नितळ असेल, खाली काही बसलं नसेल, तर ती साधी झिरप. एक लिटर भरायला किती सेकंद लागले आणि त्या दिवशी बांधात पाणी किती होतं, दोन्ही वहीत लिहा. पुढे पाणी तेवढंच असताना बाटली निम्म्या वेळात भरू लागली, तर दुखणं वाढतंय.

बुडाशी रेती किंवा गाळ बसला, किंवा धारेच्या तोंडाभोवती मुंगीच्या वारुळासारखी रेतीची कडी जमली, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. मग उद्यावर टाकू नका. धारेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड असा थर द्या. क्रम उलटा करू नका, नुसते मोठे दगडही टाकू नका. त्यांच्या फटींतून माती निघून जाते. या थरातून पाणी येत राहतं आणि माती अडते. वाळू टिकत नसेल एवढा जोर असेल, तर भोवती वाळूच्या गोणींचं कडं रचा आणि आत थोडं पाणी साठू द्या, म्हणजे धारेचा जोर मोडतो. त्याच वेळी बांध ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या अभियंत्याला बोलवा आणि खालच्या वस्तीला सावध करा. अमेरिकेतलं टेटन धरण ९० मीटरहून उंच होतं. ५ जून १९७६ रोजी सकाळी सातच्या सुमारास तिथे गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. छोट्या बांधाला तेवढाही अवधी मिळेल असं धरू नका.

दुकानदार विकतात त्या गळतीबंद भुकटीचं उत्तरही हेच. भरल्या पाण्यात पोती रिकामी करून काही साधत नाही, आणि एका पोत्याने भागलं नाही म्हणून चार ओतली तरी नाही. कायमचा इलाज पाण्याकडच्या बाजूने, बांध रिकामा असताना आणि अभियंत्याच्या देखरेखीखाली होतो.

प्रश्न : सांडव्यात (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेत) गोणी रचून फूटभर जास्त पाणी अडवलं तर उन्हाळी पिकाला होईल ना?

रचू नका. पूरबांधाचं कामच मुळी रिकामं राहायचं आहे. ती मोकळी जागा पुराची आहे. सांडवा फूटभर उचलला की पाणी आणि बांधाचा माथा यांतलं तेवढंच अंतर तुम्ही गमावलं. मातीच्या माथ्यावरून पाणी गेलं की खालचा उतार कापला जातो आणि मग बांध हाती राहत नाही. गाड्यांच्या चाकांनी माथा मध्येच बसलाय का, तेही दोरी ताणून बघा. पाणी त्याच खोलगटातून आधी उतरतं. पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडावरचा पालापाचोळा पावसाआधी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर काढा. तुंबलेलं पाणी एकदम सोडायची घाईही नको. दिवसाला साधारण ३० सेंटीमीटर उतरवा, नाहीतर ओला राहिलेला आतला उतार ढासळतो.

प्रश्न : उतारावर झाडं वाढलीत, उंदीर-खेकड्यांची बिळंही आहेत. विक्रेत्याने बिळात टाकायला दाणेदार कीटकनाशक दिलंय.

ते परत करा. हे विष पाण्यात उतरतं. ते पाणी जनावरं पितात, खाली विहिरी आहेत. शिवाय बीळ तसंच राहतं, आणि खरा धोका बिळाचाच आहे. बांध रिकामा असताना बीळ शेवटापर्यंत उकरा, ओलसर माती १५ सेंटीमीटरच्या थरांनी भरून धुमसाने ठोका. मुठीत दाबल्यावर गोळा टिकतो आणि हाताला चिखल लागत नाही, एवढीच ओल हवी. वरवर माती ढकलून दिलेलं बीळ महिनाभरात पुन्हा उघडतं.

रोपटी आताच उपटा. मोठं झाड मात्र नुसतं बुंध्याशी कापून ठेवू नका. मुळं कुजली की त्यांच्या जागी पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. मुळांसकट काढणं आणि खड्डा ठोकून भरणं हे एकाच उन्हाळ्यात, अभियंत्याला दाखवूनच. आणि मशीनवाला बांधाच्या पायथ्यालगतची माती उकरून वर टाकू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

प्रश्न : दुरुस्तीला निधी कुठून?

बांध ज्या विभागाच्या नोंदीत आहे तिथेच लेखी अर्ज. सोबत तारखेसह फोटो आणि वर सांगितलेली वही जोडा. पोच घ्या.

तोपर्यंत एक काम स्वतः करा: खालच्या उतारावर हरळी लावा. पहिल्या पावसानंतर ठोंब वीतभर अंतरावर, उताराला आडव्या ओळींत. युरियाची गरज नाही. ‘दुप्पट टाका, लवकर पसरेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते सगळं वाहून पाण्यात जातं. पहिलं वर्ष जनावरं चढू देऊ नका. पुढे गवत कापून घोट्याएवढंच ठेवा, म्हणजे नवी ओल, भेग किंवा बीळ चालता चालता नजरेला पडतं.