जर्मनीत कारागिरांची टंचाई आणि नोकरकपात एकाच वेळी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून तुम्ही चार वर्षे चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करत आहात, एजंट सांगतो की जर्मनीला लाखो माणसे हवी आहेत, आणि वर्तमानपत्रांत मात्र फोक्सवॅगन, बॉश यांसारख्या कंपन्या हजारो नोकऱ्या कमी करत असल्याच्या बातम्या येतात. यांतले खरे काय, आणि तुम्ही जावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात हे नीट कळल्याशिवाय जाण्याचा निर्णय घेऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

मी २०११ पासून जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात राहतो. श्टुटगार्टपासून तासाभराच्या अंतरावर, सुमारे १८० माणसे असलेल्या एका कारखान्यात मी उत्पादनाचे नियोजन पाहतो आणि गेली सहा वर्षे नव्या माणसांच्या मुलाखतींनाही बसतो. आमच्याकडे झडपा आणि पंपांचे सुटे भाग तयार होतात. त्यांतले काही पेट्रोल व डिझेलच्या इंजिनांसाठी असत, आणि त्यांची मागणी गेल्या तीन वर्षांत सतत घटत गेली. त्यामुळे गेल्या वर्षी त्या विभागातील कामगारांना अनेक महिने कमी तासांचे काम मिळाले. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मुले असतील तर ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्थेकडून मिळतात म्हणून त्यांची घरे चालली. त्याच काळात, त्याच आवारात, देखभालीसाठी एक वीजतंत्री आम्ही चौदा महिने शोधत होतो आणि तो मिळत नव्हता. एका शेडमध्ये माणसांना काम नाही आणि शेजारच्या शेडमध्ये कामाला माणूस नाही, अशी ही अवस्था मी रोज पाहिली आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एकीकडची माणसे दुसरीकडे लावली की प्रश्न सुटेल. तसे होत नाही. गिअरबॉक्सच्या भागांवर तीस वर्षे काम केलेला छप्पन्न वर्षांचा कामगार वीजतंत्री होऊ शकत नाही, कारण इथे घरगुती आणि इमारतींच्या वीजकामाचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि त्या शिक्षणाशिवाय कोणी त्याला स्वतंत्रपणे काम करू देत नाही. शिवाय मोटार कंपन्यांतील पगार कामगार संघटनेच्या सामूहिक करारामुळे चांगले असतात. दहा-पंधरा माणसांच्या वीजकाम व्यवसायात गेला तर त्याचे उत्पन्न बरेच घटते. त्याचे घर त्याच गावात असते, घराचे हप्ते चालू असतात. तो निवृत्तीपर्यंतची भरपाई घेऊन घरी बसणे पसंत करतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. मोठ्या कंपन्यांची कपातही बहुधा याच वाटेने होते. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारानुसार २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी होणार आहेत, पण सक्तीने काढून नव्हे. माणसे निवृत्त होतील आणि त्यांच्या जागा भरल्या जाणार नाहीत. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि त्याचा मोठा भार श्टुटगार्टच्या परिसरावरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतील बेरोजगारांची संख्या दहा वर्षांत प्रथमच तीस लाखांच्या वर गेली.

या घसरणीची कारणे उघड आहेत. २०२१ पर्यंत देशात आयात होणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियातून येत होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर तो बंद झाला आणि भरपूर ऊर्जा लागणाऱ्या उद्योगांचे गणितच बदलले. लुडविगशाफेन येथील बीएएसएफ या रसायन कंपनीच्या अवाढव्य संकुलातील अमोनियाचा एक प्रकल्प २०२३ मध्ये बंद करण्याचा निर्णय त्यातूनच झाला. ज्या चीनने वीस वर्षे जर्मन मोटारी विकत घेतल्या, तो आता स्वतःच्या विजेच्या मोटारी युरोपात विकतो आहे. विजेच्या मोटारीत फिरते सुटे भाग फारच कमी असतात, आणि आमच्यासारखे शेकडो छोटे कारखाने नेमके तेच भाग बनवून जगत होते. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे जर्मन अर्थव्यवस्था आकसली.

मग टंचाई कुठली? तिचे मूळ बाजारात नसून जन्मनोंदणीत आहे. १९६४ साली तेव्हाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही जर्मनी मिळून सुमारे साडेतेरा लाख मुले जन्मली. २०२३ मध्ये जन्मलेल्या मुलांची संख्या सात लाखांनाही पोहोचली नाही. १९६४ ची ती पिढी २०३१ मध्ये ६७ वर्षांची होऊन निवृत्त होईल. आमच्या कारखान्यातच पुढच्या सहा वर्षांत चाळीसच्या आसपास माणसे जाणार आहेत, आणि आमच्या तालुक्यातील वीजकाम, नळजोडणी, छप्परकाम करणाऱ्या अनेक व्यवसायांचे मालक साठी ओलांडून गेले असून त्यांना वारस मिळत नाही. मालक निवृत्त झाला की तो व्यवसाय बंद होतो आणि गावातल्या लोकांना हीटर दुरुस्त करायला महिनोन्महिने थांबावे लागते. शुश्रूषेच्या क्षेत्रात परिस्थिती याहून कठीण आहे: २०२३ च्या अखेरीस देखभालीची गरज असलेल्या माणसांची संख्या ५७ लाखांच्या घरात होती, आणि या क्षेत्रातील रोजगारात होणारी वाढ आता केवळ परदेशी नागरिकांमुळे होत आहे.

ही उणीव पूर्वी शेजारचे देश भरून काढत होते, आणि हा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत फारसा येत नाही. पोलंडच्या कामगारांना २०११ पासून आणि रुमानिया-बल्गेरियाच्या कामगारांना २०१४ पासून जर्मनीत मुक्तपणे काम करता येऊ लागले, आणि पुढे कित्येक वर्षे इथली बांधकामे, कत्तलखाने, गोदामे आणि इस्पितळे त्यांच्यावर चालली. आता त्या देशांतही जन्म घटले आहेत, पगार वाढले आहेत, आणि माणसे परत जात आहेत. २०२४ मध्ये युरोपीय संघातील देशांतून जर्मनीत आलेल्यांपेक्षा तिकडे परतलेल्यांची संख्या अधिक होती. जर्मनीचे लक्ष भारताकडे वळले ते या कारणाने. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांत स्थलांतराचा करार झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. या करारांचे मी स्वागत करतो. मात्र करार म्हणजे नोकरी नव्हे. राज्याने कितीही मोठा आकडा जाहीर केला तरी तुमच्या नावाचे नियुक्तिपत्र शेवटी एखाद्या १८० माणसांच्या कारखान्याला किंवा बारा माणसांच्या व्यवसायालाच द्यावे लागते, आणि त्या मालकाला ना इंग्रजी येते, ना भारतातील आयटीआय म्हणजे काय हे माहीत असते.

आम्हाला चौदा महिन्यांनी मिळालेला माणूस सातारा जिल्ह्यातला होता. हाताने उत्तम, पहिल्याच आठवड्यात त्याने एक जुना नियंत्रण फलक असा लावून दिला की आमचे वृद्ध फोरमन त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. परंतु त्याच्या भारतातल्या शिक्षणाला जर्मनीत पूर्ण मान्यता नव्हती, आंशिक होती. उरलेल्या विषयांसाठी त्याला काम करता करता प्रशिक्षण घ्यायचे होते. त्याने परीक्षा देऊन मिळवलेली जर्मन भाषा आणि आमच्या कारखान्यातली श्वाबियन बोली यांत घाटावरची आणि कोकणातली मराठी यांच्यात असते त्याहून जास्त अंतर आहे. सकाळच्या चहाच्या सुटीत तो एकटा बसत असे. मी त्याच्याशी मराठीत बोलायचो, आणि आज मला वाटते की त्यात माझी चूक झाली, कारण त्यामुळे त्याला दुसऱ्यांशी बोलण्याची निकड उरली नाही. त्याच्या पत्नीच्या व्हिसासाठी भेटीची वेळ मिळायला आणि इथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून उत्तर यायला मिळून वर्षाहून अधिक काळ गेला. गावात भाड्याचे घर मिळेना, कारण त्याच्या नावावर जर्मनीतला कसलाच पूर्वइतिहास नव्हता. दुसऱ्या हिवाळ्यात तो परत गेला. आम्ही पुन्हा जाहिरात दिली.

तो गेला याचा दोष मी त्याला देत नाही. हा देश हीच चूक पूर्वी एकदा करून बसला आहे. १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून जर्मनीने ‘पाहुणे कामगार’ बोलावले, त्यांना कारखान्यांच्या वसतिगृहांत ठेवले, भाषा शिकवली नाही, कारण ते परत जातील असे गृहीत धरले होते. १९७३ मध्ये भरती थांबवली तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे येऊन गेली होती आणि त्यांतली १ कोटी १० लाखांच्या आसपास परतलीही. पण जी राहिली त्यांच्या मुलांना शाळेत भाषेवाचून जे सोसावे लागले त्याची भरपाई अजून झालेली नाही. आज कायदे पुष्कळ सुधारले आहेत. तरीही माणूस कामाला बोलावायचा आणि त्याच्या घराचा, बायकोच्या व्हिसाचा, मुलांच्या पाळणाघराचा विचार तो आल्यावर करायचा, ही सवय लहान उद्योगांत मी आजही पाहतो. त्यात राजकारणही बदलले आहे: स्थलांतराला विरोध करणारा पक्ष फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आला. मला रस्त्यात कोणी अपमानास्पद बोललेले नाही, पण या पक्षाचा जोर असलेल्या पूर्वेकडील राज्यांत नोकरी मिळत असेल तर तिथे राहणाऱ्या भारतीयांशी आधी बोलून घ्या.

आता तुमच्याविषयी. वीजतंत्र्यांची मागणी खरी आहे. व्याजदर वाढल्यापासून नवीन घरांचे बांधकाम मंदावले असले तरी सौर पॅनेल, हीट पंप, मोटारींची चार्जिंग केंद्रे आणि जुन्या कारखान्यांची देखभाल ही कामे थांबलेली नाहीत. तुमच्यासमोर प्रामुख्याने तीन वाटा आहेत. दोन वर्षांचे शासनमान्य शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव असेल, तर औपचारिक मान्यतेशिवायही कामाचा व्हिसा मिळू शकतो. पण त्यासाठी वर्षाला ठरावीक किमान पगार (२०२५ मध्ये तो ४३,४७० युरो होता), किंवा सामूहिक कराराप्रमाणे पगार देणारी कंपनी लागते, आणि नवख्या माणसाला तेवढे देणारे छोटे व्यवसाय कमी आहेत. दुसरी वाट मार्च २०२४ पासून सुरू झाली आहे: मालकाशी करार करून आधी जर्मनीत यायचे, कामाला लागायचे आणि मान्यतेची प्रक्रिया इथे पूर्ण करायची. तुमच्यासाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते. तिसरी म्हणजे जून २०२४ पासून मिळणारे ‘संधी कार्ड’. त्यावर वर्षभर राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला वीस तास काम करता येते, परंतु २०२५ मध्ये त्यासाठी महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे बारा-तेरा लाख रुपये आधी दाखवावे लागत होते. घरची जमीन किंवा दागिने गहाण ठेवून या वाटेने येऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोणतीही वाट घेतली तरी भाषा आधी. नियम पाहिले तर काही ठिकाणी ए१ या भाषेच्या सर्वांत प्राथमिक पातळीवर भागते, पण विजेचे काम हे सुरक्षेचे काम आहे. फोरमनने ‘बंद केलेस का?’ विचारले आणि तुम्हाला ‘चालू केलेस का?’ असे ऐकू आले, तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. बी१ ही मधली पातळी पूर्ण करूनच या, आणि जमल्यास तिच्या पुढची बी२ सुरू करून या. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट या दोन्ही ठिकाणी जर्मन शिकण्याची सोय आहे. नोकरी सांभाळून शिकायला दीड वर्ष लागेल असे धरून चला. एजंटाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते तपासा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. तुमच्याकडे लाखांत पैसे मागितले गेले असतील तर तिथेच थांबा.

मालकाशी बोलाल तेव्हा पगाराबरोबर चार गोष्टी लेखी विचारा: पहिले सहा महिने राहण्याची सोय कोण करणार, भाषेच्या वर्गासाठी कामाच्या वेळेतून सूट मिळेल का, मान्यतेसाठीच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, आणि कुटुंब आणण्याच्या अर्जात कंपनी मदत करेल का. ज्या मालकाला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि आजच एक काम करा: तुमच्या आयटीआयमध्ये जाऊन प्रत्येक विषयाला किती तास शिकवले गेले हे दाखवणारा अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह मागून घ्या, कारण मान्यता देणारी संस्था तोच आधी पाहते. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाचे चार महिने केवळ तेवढ्या एका कागदासाठी गेले होते.