सराफाच्या मशीनवर हाडातलं शिसं कळेल का?

वडिलांनी बॅटरीच्या कारखान्यात हयात घालवली, निवृत्तीनंतर रक्तातलं शिसं बेताचंच आलं, तर सराफाकडच्या एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरण मारून धातू ओळखणारं यंत्र) नडगी तपासता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. आणि तसला प्रयोग करूही नका, ते मशीन दागिन्यांसाठी आहे.

शंका मात्र रास्त आहे. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत मुरलेलं असतं. कामावरचा संपर्क थांबला की रक्तातला आकडा उतरतो, हाडातलं निघायला मात्र वर्षानुवर्षं जातात.

क्ष-किरण पडले की शिसं स्वतःचे ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतं. त्यातले कमी ऊर्जेचे ते एल, जास्त ऊर्जेचे ते के. सराफाच्या मशीनला दिसतात शिशाचे १०.५ आणि १२.६ केईव्हीचे (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) एल किरण. ते कातडी-मांसात बरेचसे जिरतात, आणि बाहेर पोचतात तेही हाडाच्या मिलिमीटरभरही खोल नसलेल्या थरातून. नडगी नीट मोजायची तर ७५ केईव्हीच्या आसपासचे के किरण हवेत. त्यासाठी कॅडमियम-१०९ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात. त्याचा गॅमा किरण ८८.०३ केईव्हीचा, आणि के किरण निघण्यासाठी शिशाच्या अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवायला लागतात ८८.००. काठावर पास! हा स्रोत साधारण सव्वा वर्षात निम्मा होतो, हीच त्याची खर्चिक बाजू.

माणूस खुर्चीत बसतो, नडगीजवळ द्रव नायट्रोजनने गार ठेवलेला जर्मेनियम डिटेक्टर (किरण टिपणारं उपकरण), आणि अर्धा तास पाय स्थिर. खरी करामत पुढे आहे. ८८ केईव्हीचे काही किरण ऊर्जा न गमावता परततात, ते मुख्यतः हाडातल्या कॅल्शियम-फॉस्फरसवरून. शिशाच्या संकेताला त्यांनी भागलं की पाय जरा सरकला किंवा वर चरबी जास्त असली तरी उत्तर फारसं बिघडत नाही. तुलनेला शिसं मिसळलेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे नमुने असतात.

एवढं करून ग्रॅमभर हाड-खनिजामागे ३ ते ५ मायक्रोग्रॅमची अनिश्चितता उरतेच. शिसं कमी असलेल्या माणसाचा आकडा चक्क उणे येतो, आणि संशोधक तो तसाच सरासरीत धरतात. शून्य केला तर सगळ्या गटाची सरासरी उगाच वर सरकते. जुन्या बॅटरी कामगाराचा आकडा या गोंधळाच्या बराच वर असू शकतो. डोस छातीच्या एक्स-रेपेक्षाही पुष्कळ कमी.

पण ही कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठासारख्या संशोधन केंद्रांतली गोष्ट, पॅथॉलॉजी लॅबमधली नव्हे. उपचारही रक्ताच्या आकड्यावर आणि लक्षणांवरच ठरतात. तेव्हा डॉक्टरांना वडिलांच्या कामाची पूर्ण कुंडली सांगा. हाड मोडलं, अंथरुणाला खिळले किंवा हाडं ठिसूळ व्हायला लागली, तर साठलेलं शिसं रक्तात उतरू शकतं. अशा वेळी रक्ताची तपासणी पुन्हा करायला सांगा.