फिस्टुला फुगला की शस्त्रक्रिया करावीच लागते का?

आपल्या वडिलांचा डायलिसिससाठी कोपरापाशी केलेला फिस्टुला (धमनीला जोडलेली शीर, जिच्यात सुया टोचतात) दोन ठिकाणी लिंबाएवढा फुगला आहे, आणि शस्त्रक्रिया टाळून मानेतल्या शिरेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) टाकले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो; हात न पाहता सल्ला देता येत नाही, पण निर्णय कशावर ठरतो ते सांगतो.

नुसत्या आकारावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. फुगवट्यावरची त्वचा चिमटीत येते की पातळ होऊन चकाकू लागली आहे, तिच्यावर खपली धरते का, सुई काढल्यावर रक्त थांबायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, हे पाहावे लागते. त्वचा चांगली असेल, तर सुयांच्या जागा बदलून लक्ष ठेवणे बहुधा पुरते. खपली किंवा जखम असेल, तर पुढच्या डायलिसिसचीही वाट पाहू नये. अशा जागेतून रक्ताची धार लागलीच, तर टॉवेल गुंडाळत बसू नये (रक्त आत मुरत राहते आणि कळत नाही). नेमक्या छिद्रावर बोट घट्ट दाबून, हात उंच धरून १०८ ला फोन करावा.

एकाच जागी सुया टोचून शीर सैल पडते हे खरे, पण पुष्कळदा पुढे खांद्याकडे ती अरुंद झालेली असते आणि अडलेल्या रक्ताचा दाब मागे येतो. हात डोक्याच्या वर उचलल्यावर फुगवटा बसायला हवा. ताठच राहिला, तर अडथळ्याची शंका घ्यावी. म्हणून डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), आणि गरज पडल्यास फिस्टुलाची अँजिओग्राफी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असे माझे मत आहे. अरुंद भाग बलूनने किंवा शस्त्रक्रियेने मोकळा न करता केवळ फुगवटा काढला, तर तो पुन्हा होण्याची भीती राहते.

शस्त्रक्रियेत शिरेची जादा भिंत आणि खराब त्वचा कापून, आत तात्पुरती नळी ठेवून तिच्या मापाने शीर शिवतात. दोन फुगवटे असतील, तर आधी एक आणि काही आठवड्यांनी दुसरा केल्यास मधल्या काळात उरलेल्या भागात सुया टोचता येतात व कॅथेटर बरेचदा टळते. ते टळलेलेच बरे, कारण त्याने जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो, छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होऊ शकतात, आणि मग त्या बाजूच्या हाताचा फिस्टुलाही नीट चालत नाही.

शस्त्रक्रिया होवो न होवो, फिस्टुलावर बोटे ठेवल्यावर जाणवणारी रक्तप्रवाहाची थरथर रोज तपासावी. ती थांबली, तर गुठळी काढून फिस्टुला वाचवण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्या एक-दोन दिवसांतच असते, आणि सासवड-भोरकडून येणारे रुग्ण नेमके तेच दिवस ‘पुढच्या डायलिसिसला दाखवू’ म्हणून घालवतात.