‘क्वर्की’ला मराठीत काय म्हणायचं?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय की इंटरनेटवर जे मजेमजेचे डिझाइन, व्हिडिओ, सॉफ्टवेअर सापडतात, ज्याला इंग्रजीत क्वर्की म्हणतात, त्याला ‘विक्षिप्त’ म्हटलं तर चालतं का, कारण डिक्शनरीत तोच शब्द निघाला पण बोलताना जीभ अडखळायली.

अडखळणारच ताई. विक्षिप्त हा माणसाच्या डोक्याचा शब्द आहे, वस्तूचा नाही. वि आणि क्षिप्, म्हणजे इकडंतिकडं फेकलेलं. योगशास्त्रात चित्ताच्या पाच अवस्था सांगतात, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध, त्यातली ही तिसरी, मन जरा वेळ टिकतं अन् परत भरकटतं अशी. आता जपानच्या केंजी कावाकामींनी ज्या वस्तू जगभर पोचवल्या त्या बघा, बुटाच्या टोकावर बसवलेली इवली छत्री, गरम नूडल्स गार करायला चॉपस्टिकलाच जोडलेला पंखा, बाळ रांगता रांगता फरशी पुसून निघावी असं झबलं. ह्यात भरकटलेलं काय आहे? उलट लई नेमकं डोकं चाललंय. तिकडं अशा वस्तूंना चिंदोगु म्हणतात, चिन म्हणजे दुर्मिळ, आगळं आणि दोगु म्हणजे अवजार, दोन शब्द जोडले अन् काम झालं.

‘विचित्र’ पण सुचतो बऱ्याच जणांना. संस्कृतात तो चांगला होता, रंगीबेरंगी, नाना प्रकारचं, सुंदर असा अर्थ, पण मराठीत त्याला आता नाक मुरडल्याचा वास येतो, कुणी आपल्या ड्रेसला विचित्र म्हणालं तर आपण खूश होत नाही.

वस्तूसाठी मला पटतो तो ‘तऱ्हेवाईक’. आणि ह्या शब्दाची गोष्ट मला फार आवडते. तऱ्हा आपल्याकडं अरबी-फारसीतून आली, उर्दूत तरह. आमच्या मराठवाड्यात उर्दू कानावरून गेलेली माणसं घरोघरी आहेत, त्यांना तरही मुशायरा माहिती असतो, एक ओळ आधी ठरवून देतात आणि सगळे शायर त्याच जमिनीवर, म्हणजे त्याच वृत्त-यमकात, गझल लिहून आणतात, ती ठरवलेली ओळ म्हणजे तरह. फारसीत ह्याच शब्दाचा अर्थ आराखडा, डिझाइन असा आहे आणि डिझायनरला तिथं तर्राह म्हणतात! म्हणजे तऱ्हेवाईक म्हणताना आपण न कळत डिझाइन हाच शब्द उच्चारतोय. अजून एक, अरबीत ह्या धातूचा मूळ अर्थ फेकणं, टाकणं असा आहे, तिकडं क्षिप् चा अर्थ पण फेकणंच. दोन वेगवेगळ्या भाषांमधले दोन शब्द एकाच क्रियेतून निघाले, एक जाऊन बसला भरकटलेल्या मनावर आणि दुसरा आराखड्यावर. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

ते गोट्या-डॉमिनोचे व्हिडिओ असतात ना, गोटी घरंगळती, मग डबा पडतो, मग दोरी सुटती अन् शेवटी कुठं एक दिवा लागतो, रूब गोल्डबर्ग ह्या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या नावानं ओळखतात ती यंत्रं, त्याला तर आपल्याकडं तयारच शब्द आहे, द्राविडी प्राणायाम. नाक धरायचं पण हात डोक्यामागून फिरवून. बिनधास्त वापरा.

पण ताई, तुमच्या प्रश्नात वस्तूपेक्षा ती बघतानाचा आनंद जास्त आहे असं मला वाटलं, आणि त्यासाठी तऱ्हेवाईक पुरत नाही. त्याला आमच्या आज्जीचा शब्द आहे, कवतिक. आज कौतुक म्हटलं की शाबासकी एवढंच डोक्यात येतं, दहावीला नव्वद टक्के पडले म्हणून कौतुक. मूळ संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, बघत राहावं अशी गोष्ट. ज्ञानेश्वर आपल्या इकडचेच, पैठणजवळच्या आपेगावचे, त्यांच्या ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ मध्ये पण शाबासकी नाही, तिथं ‘सहज, लीलेनं’ असा अर्थ लावतात. आज्जीच्या बोलण्यात तो जुना नवलाचा अर्थ जसाच्या तसा होता. मला संभाजीनगरची पाणचक्की तिनंच दाखवली, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळानं आणून त्यावर जातं फिरवलंय ते बघून म्हणाली, ‘काय कवतिक करून ठेवलंय बघ.’ आता मी एक जुनं सॉफ्टवेअर बघितलं, युनिक्स ह्या कॉम्प्युटर प्रणालीवर फायलींची यादी बघायला एल एस टाइप करतात, ते घाईत उलटं एस एल झालं तर स्क्रीनवरून अक्षरांनी बनलेली वाफेच्या इंजिनाची गाडी झुकझुक निघून जाती, ती पूर्ण जाईपर्यंत बसून राहायचं, १९९३ मधलं आहे ते. मला तेव्हा आज्जीचंच वाक्य आठवलं.

वापरायचं कसं म्हणाल तर वस्तूच्या आधी तऱ्हेवाईक लावा, तऱ्हेवाईक खुर्ची, तऱ्हेवाईक ॲप, आणि जे सापडलं ते कवतिक. ‘आज एक कवतिक सापडलं, बघ’ असं म्हणून मैत्रिणीला लिंक पाठवा. कौतुक लिहिलं तरी चूक नाही पण त्यानं शाबासकीचा घोळ होतो, कवतिक लिहा, चौथाचं चवथा होतं तसंच आहे ते, अशुद्ध वगैरे काही नाही.

आणि हे घ्या माझ्याकडून एक कवतिक: एक साधी पेटी, वर एक बटण. बटण दाबलं की झाकण उघडतं, आतून एक हात येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो, झाकण बंद. बस्स, एवढंच तिचं काम. कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या मार्विन मिन्स्कीची, १९५२ ची, आणि बनवली क्लॉड शॅननने, ज्यानं माहिती बिटमध्ये कशी मोजायची ते जगाला शिकवलं, त्याच माणसानं.