वाचकांचे प्रश्न : जुन्या गॅरेजचे आढे का वाकले?

प्रश्न : आमच्या बंगल्यामागे 1930 च्या सुमारास बांधलेले मोटारीचे गॅरेज आहे. ते आतून 10 फूट रुंद आणि 16 फूट लांब असून भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या आहेत. छपरावर मंगलोरी कौले आहेत व कौलांच्या पाठीवर बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा ठसा दिसतो. पुढे या गॅरेजची अभ्यासिका केली, तेव्हा खोली उंच दिसावी म्हणून आतल्या दोन्ही आडव्या तुळया कापून काढल्या. आता आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, मध्यावर बसले आहे आणि दोन्ही लांब भिंती मध्यभागी वरच्या अंगाला बाहेर झुकल्या आहेत. लाकूड जुने झाले आहे, स्लॅब टाका, असे कंत्राटदार म्हणतात. हे छप्पर वाचवता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाचवता येईल आणि ते वाचवावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष लाकडाच्या वयात नसून कापलेल्या तुळयांत आहे, आणि त्याची खूण आपण स्वतःच लिहिली आहे. टोकांना आडव्या भिंतींचा आधार असल्याने लांब भिंती तिथे सरळ राहिल्या, आणि जिथे कैच्या, म्हणजे छपर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, टेकल्या होत्या त्या मधल्या भागातच त्या बाहेर गेल्या.

एवढ्या रुंदीला मोठ्या कैचीची गरज नसते. दोन तिरकस लाकडे शेंड्याला जोडायची आणि त्यांचे पाय तुळईने बांधायचे, एवढे पुरते. वरून भार आला की त्या लाकडांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि तुळई त्यांना ओढून धरते. तुळई गेली की तो रेटा भिंतीवर येतो, भिंत हळूहळू हटते, पाय फाकतात आणि शेंड्याबरोबर आढे खाली येते. आपल्या छपरावर सुमारे चारशे कौले असावीत. त्यांचेच वजन टनाच्या आसपास भरते, आणि पावसाळ्यात कौल पाणी प्याले की त्यात भर पडते.

गॅरेज मात्र विचारपूर्वक बांधलेले दिसते. त्या काळातल्या कित्येक मोटारी उघड्या, कापडी टपाच्या असत. फोर्डच्या मॉडेल टीसारख्या गाड्यांच्या चाकांचे आरे लाकडाचे असत, आणि उन्हात लाकूड सुकले की ते ढिले होत. म्हणूनच पत्र्यापेक्षा थंड राहणारे कौल अशा जागेला योग्य होते. त्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 100 इंच होते. तेव्हा 16 फुटांत गाडी उभी करून ती सुरू करण्यासाठी पुढे हँडल मारायलाही जागा उरे.

स्लॅबचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो, तर कौलांचे चाळीसच्या आसपास. आधीच झुकलेल्या, चुन्यातल्या भिंतींवर एवढा भार घालू नये.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी आतून दोन्ही कैच्यांच्या शेंड्यांखाली धिरे, म्हणजे उभे टेकू, द्यावेत. मग दोन्ही पाख्यांवरची, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरची, कौले बरोबरीने उतरवावीत, कारण एकच बाजू मोकळी केली तर उरलेला भार छपराला एका अंगाला ढकलतो. त्यानंतर तिरकस लाकडांचे पाय तपासावेत. भिंतीत दडलेली टोकेच बहुधा आधी कुजतात. ती ठोकून व टोचून पाहावीत आणि कुजका भाग कापून तिथे सागाचा जोड द्यावा. खोलीची उंची आपल्याला प्रिय असेल, तर जाड तुळईऐवजी दोन्ही टोकांना आटे व रुंद पट्ट्या असलेली लोखंडी सळई पायांच्या पातळीवर बसवावी. ती तेच काम करते आणि नजरेला फारशी अडत नाही. नट एकदम आवळून भिंत सरळ करू पाहू नये. चुन्याचे सांधे त्याने तुटतात. आणखी हटणे थांबले की पुरे. विटांमधल्या दर्जा (फटी) भरायच्या त्या चुन्यातच भराव्यात, सिमेंटमध्ये नकोत.

बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू येथे 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. ती कौले आजही खणखणीत वाजत असतील तर फेकू नयेत. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून जुनी कौले सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्यावर घालावीत. कामाला हात लावण्यापूर्वी जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळईची जाडी ठरवून घ्यावी, आणि हे सारे पावसाळ्याआधी उरकावे.