गणित येतं, मग जेईईत मार्क कुठे जातात?

प्रश्न: मुलगी बारावीत आहे. कॉलेजच्या पेपरात गणितात छान मार्क पडतात, पण जेईई मेनच्या मॉकमध्ये घसरते. आणखी एक ट्यूशन लावावी का? – एक आई, मानेवाडा, नागपूर

नमस्कार ताई,

ट्यूशन सध्या राहू द्या. तिच्या मागच्या चार-पाच मॉकमधले चुकलेले प्रश्न काढा आणि प्रत्येकापुढे लिहायला सांगा: हा पर्यायांचा होता, की उत्तर टाइप करायचा?

जेईई मेनमध्ये गणिताचे २५ प्रश्न असतात. २० पर्यायांचे, ५ संख्यात्मक, म्हणजे उत्तराची संख्या टाइप करायचे. बरोबरला ४ गुण, चुकलं तर १ वजा, आणि हे दोन्ही प्रकारांना लागू आहे. पूर्वी संख्यात्मक दहातले पाच निवडता यायचे, २०२५ पासून ती सवलत गेली.

बोर्डात शेवटी गडबड झाली तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. इथे पायऱ्या कोणी बघत नाही. समजा, विचारलंय की संभाव्यता अतिसंक्षिप्त रूपात म/न असेल, तर म+न किती? तिचं उत्तर ६/८ आलं. गणित बरोबरच आहे! पण घाईत तिने १४ टाइप केलं. हवे होते ३+४, म्हणजे ७. पर्यायांत १४ नसतं, तर ती थबकली असती. संख्यात्मक प्रश्नात टोकणारं कोणी नाही. म्हणून तिथे उत्तर भरण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची, एवढी सवय लावा.

अंदाजाचंही तसंच. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उरलेल्यांतला एक निवडणं फायद्याचं. संख्यात्मकमध्ये अंदाज म्हणजे एक गुण घालवणं. तो प्रश्न कोरा सोडावा. आपल्याकडची बरीच मुलं एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही देतात. तिथे गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नसतो. तीच सवय मग जेईईत नडते.

आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असल्या, तरी बीटेकचा प्रवेश जेईई मेनच्या रँकवरच होतो. तिथे हे पाच-दहा गुण फार महाग पडतात.

यादीत एकाच धड्याचे प्रश्न पुन्हा पुन्हा दिसले, तर मात्र तेवढ्या धड्यापुरते सर शोधा.